आतून कापलेली वाट

१

दर रविवारी सकाळी पावणेसातला मी मरोळच्या स्टॉपवर उतरायचे. पिशवीत कोयता, नवऱ्याचे जुने कॅनव्हासचे बूट आणि तिघांपुरती चपातीभाजी. स्टॉपपासून पाण्याच्या टाकीपर्यंत दहा मिनिटांची चढण. टाकीला वळसा घातला की लोखंडी फाटक, आणि आत पंचवीसेक एकर रान. ते पालिकेच्या मालकीचं होतं. झाडं राहावीत म्हणून राखून ठेवलेलं, आणि राखायला आमच्यासारखी हौशी माणसं. आम्हाला एक पत्र आणि फाटकाच्या चाव्या मिळाल्या होत्या. कागदावर त्या जागेचं नाव लांबलचक होतं. आम्ही टाकीमागचं रान म्हणायचो.

सुरुवातीला वीस जण होतो. पंच्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर तिघं उरलो. एक गुप्तेकाका, शरच्चंद्र गुप्ते. सर्व्हेच्या खात्यात नकाशे काढून निवृत्त झालेले, बायको जाऊन दोन वर्षं झालेली, पार्ल्याहून सायकलवर यायचे. दुसरा इसिडोर. मरोळ गावठाणातला, वर्कशॉपात फिटर, माझ्याहून चार वर्षांनी लहान. तिसरी मी, जानकी मेस्त्री. एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत टेलिफोनच्या बोर्डावर बसायचे. गिरणी बंद पडल्यापासून माझा नवरा घरात भिंतीकडे तोंड करून झोपायचा. रविवारी सकाळी त्या खोलीत असण्यापेक्षा मला घाणेरी कापणं बरं वाटायचं.

घाणेरी हेच आमचं मुख्य काम. ती काटेरी झुडपं सगळं रान गिळत होती. ती कापायची, मुळं खणायची आणि मोकळ्या जागेत लावलेल्या रोपांना आळी करायची. काकांचे नियम होते. बुंधा जमिनीपासून एक वीत ठेवून कापायचा म्हणजे मूळ ओढायला पकड मिळते. फांद्या नेहमी आपल्या डाव्या हाताला टाकायच्या म्हणजे उजवी बाजू चालायला मोकळी राहते. नऊ वाजता फाटकाच्या आतल्या रखवालदाराच्या जुन्या चौकीसमोर बसायचं. इसिडोर वातीच्या स्टोव्हवर चहा करायचा, किटलीतून तीन पेल्यांत ओतायचा. त्याच्यासारखा चहा मला घरीही जमला नाही.

रानाच्या मधोमध घाणेरीचा इतका दाट पट्टा होता की तिथे आमच्यातलं कोणी कधी शिरलं नव्हतं. त्याला आम्ही रानाचं पोट म्हणायचो. नोव्हेंबरातल्या एका रविवारी मी त्याच्या कडेला कापत होते. एक घाव घातला आणि कोयता रिकाम्या जागेत गेला.

फांद्या बाजूला केल्या. पलीकडे वाट होती. एक माणूस आरामात चालेल एवढी रुंद, स्वच्छ.

मी हाक मारली. दोघं आले. इसिडोर खाली बसला आणि बुंध्यांवरून अंगठा फिरवत राहिला.

"ताई, कापाचा उतार बघ," तो म्हणाला. "हा बाहेरून आत नाय गेला. आतून बाहेर येतोय."

२

आम्ही त्या वाटेने आत गेलो. काका पावलं मोजत होते. अठ्ठेचाळीस झाली तेव्हा वाट संपली.

संपली ती एका गोल मोकळ्या जागेत. माझ्या स्वयंपाकघराएवढी असेल. जमीन झाडलेली होती, खराट्याच्या रेषा दिसत होत्या. चारी बाजूंना घाणेरी डोक्याच्या वर. तिथून दुसरी वाट कुठेही जात नव्हती.

"हातभट्टीवाले," काका म्हणाले.

"भट्टीवाले झाडून काढत नाय," इसिडोर म्हणाला.

वास नव्हता. राख नव्हती, पिंप नव्हतं, बाटलीचं बूच नव्हतं. काकांनी बुंधे तपासले. गोल जागेतले वाळून करडे पडले होते, आणि जसजसं आमच्या बाजूला यावं तसे ओले. म्हणजे कापणाऱ्याने सुरुवात मधे केली होती.

"मग मधे पोचला कसा?" मी विचारलं.

"सरपटत," काका म्हणाले. "माणूस सरपटत कुठेही पोचतो."

ते पटण्यासारखं होतं, मी पटवून घेतलं. पण परत येताना मला दोन गोष्टी दिसल्या आणि बाकीच्या दोघांनाही दिसल्या असणार, कारण तिघंही खाली बघत चाललो होतो. प्रत्येक बुंधा जमिनीपासून एक वीत उंच होता. आणि कापलेल्या सगळ्या फांद्या एकाच बाजूला टाकलेल्या होत्या. बाहेर येणाऱ्याच्या डाव्या हाताला.

त्या दिवशी चहा पिताना काका म्हणाले, "मधे जमीन तीन ठिकाणी दबलेली होती. कोणीतरी बसत असल्यासारखी. बघितलीत?"

मी बघितली होती. मी पेला विसळायला उठले.

३

पुढच्या रविवारी आम्ही मुद्दाम दुसरीकडे काम काढलं, चौकीच्या मागे. संध्याकाळी निघायच्या आधी काकांनी त्या वाटेच्या आमच्या बाजूच्या शेवटच्या बुंध्यावर खडूने खूण केली. आठवड्याने बघितलं तर वाट खुणेपासून पुढे सरकली होती आणि चौकीच्या दिशेने वळली होती.

काकांनी पावलं मोजली. बारा. मग ते चौकीमागे गेले आणि आम्ही मागच्या रविवारी साफ केलेला पट्टा मोजला. तोही बारा.

त्याच्या पुढच्या रविवारी माझी सासू तापाने पडली, मला जाता आलं नाही. दोघांनी मिळून सात पावलं केली. मी गेले तेव्हा काकांनी मला बाजूला घेतलं. "तिकडेही सात," ते म्हणाले.

इसिडोर लांब, टाकीच्या नळावर किटली भरत होता.

"जानकीबाई, आपण किती काम केलं हे आपल्या तिघांशिवाय कोणाला माहीत असतं?"

"कोणीतरी लपून बघत असेल."

"लपून बघायचं, मग तेवढंच कापायचं, आपल्याच पद्धतीने. कशाला? वेडा असेल तर मोजणार नाही. आणि मोजणारा वेडा नसतो." ते आवाज आणखी उतरवून म्हणाले, "त्याच्या आजोबांची वाडी इथेच होती. हे तुम्हाला माहीत आहे ना?"

मला माहीत होतं. इसिडोरने स्वतःच एकदा पोटाच्या पलीकडची जुनी विहीर दाखवली होती. आजोबांनी वाडी सोडली, ती पुढे या रानात गेली. तो हे सहज बोलला होता. आता काकांच्या तोंडून ऐकल्यावर ते सहज वाटेना.

"वहिवाट पाडतोय," काका म्हणाले. "रुळलेली वाट असली की उद्या सांगता येतं, आमचं येणंजाणं होतं."

इसिडोर परत आला, स्टोव्ह पेटवला. मी त्याच्या हातांकडे बघत राहिले. काटेरी ओरखडे होते. पण ते माझ्याही हातांवर होते.

त्या दिवशी निघताना मी सगळ्यांच्या मागे राहिले आणि फाटकाच्या दोन्ही दारांच्या गजांना खालच्या बाजूला काळा दोरा बांधला, उघडलं की तुटेल असा. रविवारी तो तसाच होता. वाट मात्र नऊ पावलं पुढे आली होती. आम्ही नऊच केली होती. दोरा बघून मला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी मनात आलं, गावठाणाच्या बाजूने कुंपणाला एक फट आहे, आणि ती फट आम्हाला कोणी दाखवली होती?

४

नाताळच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. शुभेच्छा द्यायला, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

इसिडोर कामावर होता. त्याची आई कॉन्सेप्टा दारात बसली होती. सत्तरीची बाई, डोळे चांगले, कान त्याहून चांगले. मला बघून तिने बशीत नेवऱ्या, म्हणजे करंज्या, आणल्या. बसायला खुर्ची दिली ती नेमकी मागच्या दारासमोर, तिथून रानाचं कुंपण दिसत होतं.

मी इकडचं तिकडचं बोलले. मग विचारलं, "इसिडोर मधल्या वारी रानात जातो का हो?"

"तो? सकाळी सातला जातो तो दिवेलागणीला येतो. वेळ कुठे हाय त्याला." तिने माझ्याकडे नीट बघितलं. "पण तू कामाला नाय जात काय हल्ली?"

"जाते की."

"मग दुपारची हाका का मारतेस त्याला? सोमवारी मारलीस, त्याच्या आधी पण एकदा. कुंपणाच्या मागून. इसिडोर, चल रे, असं. मी इथून सांगितलं, तो घरात नाय. तरी मारतच होतीस."

सोमवारी दुपारी मी बोर्डावर होते. दोन ट्रंक कॉल लावले होते, एक अहमदाबादचा, एक मद्रासचा.

"दुसरी कोणी असेल," मी म्हटलं.

"असंल." तिने बशी माझ्याकडे सरकवली. "आवाज तुझा होता."

घरी जाताना बसमध्ये मी हिशेब जुळवत होते. म्हातारी आहे, चुकली असेल. पण चुकणाऱ्यातली वाटली नाही. मग एकच राहतं, ती खोटं बोलते आहे. मुलावरचा संशय माझ्यावर ढकलते आहे. म्हणजे संशय आहे हे तिला माहीत आहे. म्हणजे त्यालाही माहीत आहे.

इतकं सगळं मी एका नेवरीवरून जुळवलं. आज लाज वाटते. त्या दिवशी मात्र काकांना सांगायचं कसं, एवढाच विचार होता.

५

जानेवारीच्या पहिल्या रविवारी चहा झाल्यावर काकांनी हात पुढे केला.

"इसिडोर, तुझ्याकडची चावी दे."

त्याने किटली खाली ठेवली. "कशाला?"

"दे म्हणतोय ना."

"काका, सरळ बोला."

काका सरळ बोलले. वाडी, विहीर, वहिवाट, कुंपणाची फट, सगळं. नकाशावर बोट ठेवून सांगावं तसं एकेक. इसिडोर ऐकत होता. मधे एकदा त्याने माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी पेल्यातल्या चहाच्या गाळाकडे बघत बसले.

"मला वाट पाडायची असती तर," तो शेवटी म्हणाला, "मी माझ्या घरापासून पाडली असती. मधूनच कशाला सुरू करू?"

काकांनी हात तसाच पुढे ठेवला.

इसिडोरने खिशातून चावी काढली, त्यांच्या तळहातावर ठेवली आणि कोयता उचलला. जाताना मला म्हणाला, "तू आईकडे आली होतीस ना. तेव्हा नेवऱ्या खाल्ल्यास."

एवढंच. मग तो खाली उतरून गेला.

त्या रविवारी काका आणि मी आणखी तासभर कापत होतो. कोणीच बोलत नव्हतं. म्हणूनच असेल, पोटाच्या आतून येणारा आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला. खच. खच. थोडं थांबून, खच. मी थांबले तर तोही थांबला. मी काकांकडे बघितलं. ते पाठमोरे, मान वाकवून कापत होते.

"इसिडोर असेल," मी मनात म्हटलं. "रागावून पलीकडून शिरला असेल." आणि असं म्हणून मला बरं वाटलं, हे मला आठवतं.

६

त्याच्या पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा फाटक उघडं होतं. काकांची सायकल आतल्या बाजूला झाडाला टेकवलेली. सीटवर दव होतं. दोन बोटांनी पुसलं तर खाली धूळ. ती सायकल आज सकाळी आलेली नव्हती.

मी हाका मारल्या. चौकी बंद होती. खाली उतरून इराण्याच्या दुकानातून काकांच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये फोन लावला. शेजारीण म्हणाली, "ते काल सकाळी डबा घेऊन गेले. हल्ली रोजच जातात. पहारा करतो म्हणाले. का, तुमच्याकडे नाहीत?"

दुकानाच्या दारात मी थोडा वेळ उभी राहिले. पोलीस चौकी जवळ होती. पण माझे पाय गावठाणाकडे वळले.

इसिडोर चर्चला निघाला होता, पांढरा शर्ट घालून. मी सगळं सांगितलं. सांगताना माझ्या लक्षात आलं की मी अजून त्याची परीक्षा बघते आहे, त्याचा चेहरा कसा होतो ते बघते आहे. त्याच्याही ते लक्षात आलं.

"चल," तो म्हणाला. "माझ्याबरोबरच राहा. म्हणजे नंतर तुला शंका नको."

त्याने आईला सांगितलं, कोयता घेतला. कॉन्सेप्टा दारापर्यंत आली. "आत कोणी हाक मारली तर ओ देऊ नका," ती म्हणाली. कशावरून असं म्हणते, ते मी विचारलं नाही.

७

नऊ वाजत आले होते. लख्ख ऊन. रानात इतकी शांतता होती की खालच्या रस्त्यावरच्या रिक्षा ऐकू येत होत्या.

वाट आता चौकीपासून हाकेच्या अंतरावर आली होती. आम्ही तिच्या तोंडाशी उभे राहिलो. तेव्हा आतून बोलणं ऐकू आलं.

शब्द कळत नव्हते. बोर्डावर आम्ही कॉल चालू आहे की संपला हे बघायला क्षणभर कानाला लाइन लावतो आणि लगेच काढतो. शब्द ऐकायचे नसतात, फक्त चढउतार ऐकायचा असतो. तसा चढउतार होता. दोघं-तिघं निवांत बसून बोलत असल्यासारखा. एक आवाज काकांचा होता, खात्रीने. एक जण अडखळत बोलत होता, मधेच नाकातून हसत होता. इसिडोर तसा हसायचा. मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्यापासून दोन हातांवर उभा होता, ओठ मिटलेले.

तिसरा आवाज ओळखायला मला वेळ लागला. स्वतःचा आवाज माणसाला सहसा ओळखता येत नाही. पण खराब ट्रंक लाइनवर कधी कधी आपलाच आवाज क्षणभराने परत येतो, आणि वर्षानुवर्षं बोर्डावर बसणारीला तो पाठ होतो.

"तुला ऐकू येतंय ते मला पण येतंय," इसिडोर म्हणाला. "आता बोलू नको."

तो पुढे, मी मागे. वाट दोनदा वळत होती. दुसऱ्या वळणावर तो थांबला आणि मला दिसेल इतका बाजूला सरकला.

काका जमिनीवर मांडी घालून बसले होते. शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा कडेने दिसत होता. गेल्या दोन वर्षांत मी त्यांना इतकं मोकळं हसताना बघितलं नव्हतं. हातात डब्याचं झाकण पेल्यासारखं धरलेलं. "थोडा आणखी ओत रे, इसिडोर," ते म्हणाले.

त्यांच्या समोर पानांतून एक हात पुढे आला. फक्त कोपरापासून पुढचा, बाकी घाणेरीत होतं. इसिडोरच्या वर्कशॉपच्या निळ्या शर्टाची बाही. निळा रंग तोच, पण बाहीला बटण नव्हतं, काज नव्हतं, शिवणही नव्हती. हातात किटली होती. ती तोटीला धरली होती. कोणीतरी लांबून चहा ओतताना पुष्कळदा बघितलं असेल, पण किटली कधी हातात घेतली नसेल, तशी. तो हात तिरपा झाला. किटलीतून काही पडलं नाही. काकांनी झाकण तोंडाला लावलं आणि प्यायले.

त्यांच्या डाव्या बाजूला आणखी कोणी बसलं होतं. मला साडीचा खांद्यावरचा भाग दिसला, कंबरेला खोचलेला पदर. तिथून हसण्याचा आवाज आला. मी तिकडे तोंड वळवलं नाही. वळवायला हवं होतं असं कधी कधी वाटतं. फार वेळा नाही.

"काका," इसिडोर म्हणाला.

काकांनी समोरच्याला "थांब हं, कोणीतरी आलंय" म्हटलं आणि मान वळवली. त्यांनी आमच्याकडे बघितलं. मग समोर बघितलं. मग पुन्हा आमच्याकडे. चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, हळूहळू उतरलं. तो हात किटली धरून तसाच हवेत राहिला होता.

इसिडोर गेला, काकांना काखेत धरून उठवलं. काकांनी आधी अंग आखडून धरलं, त्याला ढकललंही. मग आले. वळण ओलांडताना आमच्या मागे पुन्हा सुरू झालं. खच. खच. थोडं थांबून, खच.

८

चौकीसमोर त्यांना पाणी पाजलं. ते थंडीने कापत होते. त्यांना वाटत होतं अजून शनिवारच आहे, दुपार झालेली.

"मी तुला पकडायला आलो होतो," ते इसिडोरला म्हणाले. "तू आत दिसलास. मी पुष्कळ बोललो तुला. तू काही म्हणाला नाहीस. बस म्हणालास. जानकीबाईही होत्या. मग मला वाटलं, आपलंच चुकलं. मी माफी मागितली."

"कोणाची?"

"तुझी. म्हटलं, म्हातारपणी माणसाला सगळेच चोर दिसतात. रिकाम्या घरात बसून बसून असं होतं. सगळं बोललो. आजवर कोणाशी बोललो नव्हतो ते. तू मान हलवलीस."

इसिडोर कोयत्याची मूठ चाचपत उभा होता.

"काका," तो म्हणाला, "ती माफी माझ्यापर्यंत नाय आली."

काकांनी तोंड उघडलं. पुन्हा तेच सगळं बोलायला सुरुवात करणार होते, पण शब्द फुटेना. एकदाच मिळतं असं काहीतरी ते चुकीच्या ठिकाणी खर्च करून आले होते. ते रडू लागले. मी बोलले मग. माझ्या वाट्याचं, नेवऱ्यांसकट. इसिडोरने ऐकून घेतलं. क्षमा केली असं म्हणाला नाही. सायकल धरली आणि काकांना खाली घेऊन चालू लागला.

सोमवारी आम्ही पालिकेच्या ऑफिसात जाऊन सगळ्या चाव्या परत केल्या. कारण म्हणून तब्येत लिहिलं.

९

मार्चमध्ये आमच्या कंपनीच्या गेटवर मला दशरथ भेटला. तो पालिकेचा मुकादम होता, आमच्या भागातली झाडं त्याच्याकडे होती. टाकीमागच्या रानाचं फाटक महिन्यातून एकदा तो उघडून बघायचा.

"ताई, झकास काम चाललंय तुमचं," तो म्हणाला. "चाव्या दिल्यात म्हणे, मग आत कुठून जाता? असू दे, मी नाही बोलणार कोणाला. वाट पार फाटकापर्यंत आणलीत की. रविवारी तुम्ही हाक मारलीत, पण मला घाई होती. या रविवारी येतो चहाला."

मी त्याला बोर्डावरच्या आवाजात, शब्द तोडून सांगितलं. "आत जाऊ नका. आम्ही येईपर्यंत फाटकाबाहेर थांबा."

रविवारी आम्ही तिघं सहालाच पोचलो. काकांना मी कळवलं नसतं, पण इसिडोर म्हणाला, त्यांना सांगायला हवं. दशरथ सातला आला. आम्हाला रस्त्यावर उभं बघून गोंधळला.

"तुम्ही बाहेर? मग आत..."

तेवढ्यात आतून इसिडोरचा आवाज आला. "काका, चहा झालाय."

दशरथने इसिडोरच्या तोंडाकडे बघितलं. इसिडोर गप्प उभा होता. दशरथचा हात कडीवर होता, तो त्याने काढून घेतला. खिशातून साखळी आणि कुलूप काढलं आणि ते लावलं. गजांमधून ती वाट सरळ दिसत होती. झाडलेली, फांद्या एका बाजूला, आणि पहिल्या वळणाशी सावली.

"काका, चहा झालाय," पुन्हा आलं.

काका पुढे गेले आणि त्यांनी दोन्ही हातांनी गज धरले. आम्ही वाट बघितली. ते सोडेनात.

"जायचंय काय?" इसिडोरने विचारलं.

काकांनी गजांना कपाळ टेकवलं. मग म्हणाले, "घरी चहाला कोणी हाक मारत नाही रे."

इसिडोर त्यांच्याजवळ गेला. त्यांची बोटं त्याने एकेक करून गजावरून सोडवली, घाई न करता. "आई वाट बघत असंल," तो म्हणाला. "माझी. खरी. तुमच्यासाठी पण चहा टाकेल."

मग आतून तिसरी हाक आली, ती माझ्या आवाजात. काका थांबले, माझ्याकडे बघितलं. मी त्यांचा दुसरा हात धरला. आम्ही उतरायला लागलो. दशरथ पुढे, जवळजवळ धावत.

टाकीच्या वळणावर मागे फाटकाची कडी वाजली. आतून कोणीतरी ती चाचपत होतं, वर करून, मग खाली, मग आडवी. आवाज थांबला. थोड्या वेळाने पुन्हा आला, या वेळी जरा सफाईने.